खड्डा आधी, मीटिंग नंतर

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या झाशीत, बड्या बाजारात गटाराची नवी लाइन टाकायची आहे. खणण्याआधी दुकानदारांशी बोलणं हे माझं काम. नोकरी नवीनच आहे. आठवडाभर दुकानोदुकानी फिरून सांगत होते, आज मीटिंगला या, काम कधी सुरू करायचं ते तुम्हीच ठरवा.

मीटिंगला पोचले, तर जेसीबीने अर्धी गल्ली खणून टाकलेली! बांगड्यांच्या दुकानातल्या काकी खड्ड्यापलीकडून म्हणाल्या, "बिन्नू, गड्ढा तो खुद गओ, अब का पूछबे आईं?" (इकडे पोरीला प्रेमाने ‘बिन्नू’ म्हणतात.)

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, मीटिंग तो कर लो, फोटो चाहिए."

मी फोटो काढलेच नाहीत. जेसीबी थांबवला, दुकानांपुढे फळ्या टाकून घेतल्या, सगळ्यांची माफी मागितली. काकींनी हात धरून मला फळीवरून आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अब तुमाई बात पे भरोसा नइयां." म्हणजे, माझ्या शब्दावर आता विश्वास नाही.

काम का थांबवलं, हे विचारायला साहेबांनी उद्या बोलावलंय.

खरं सांगा, तुमच्या गल्लीत खणण्याआधी कुणी कधी तुम्हाला विचारलंय?