बेड मिळेल, थांबा!

आमच्या कॅज्युअल्टीत किस्से साठतात, कारण माणसं साठतात. दुसऱ्या वॉर्डात पेशंट येतो, झोपतो, बरा होतो, जातो. आमच्याकडे त्याला ॲडमिटचा कागद मिळतो आणि वरच्या मजल्यावर बेड रिकामा होईपर्यंत तो खाली आमच्यासमोर स्ट्रेचरवर पडून राहतो. कधी चार तास, कधी दोन दिवस! मग तो बोलतो, त्याचे नातेवाईक बोलतात, आणि आम्हाला ऐकावं लागतं. बावीस वर्षं मी इथे सिस्टर आहे आणि या बावीस वर्षांत एकच वाक्य मी सगळ्यात जास्त बोलले असेन : "बेड मिळेल, थांबा!" गेल्या हिवाळ्यात तेच वाक्य मला माझ्या आईला म्हणावं लागलं. ते सांगतेच, पण आधी बाकीच्यांचं ऐका, नाहीतर ते कळायचं नाही.

*

बाजारपेठेतले एक कापडवाले शेठ, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले. वडिलांना जुलाब-उलट्या झाल्या म्हणून घेऊन आले. सलाईन लावलं, ॲडमिटचा कागद केला आणि मी सवयीने म्हणाले, "बेड नाहीये शेठ, थांबावं लागेल."

शेठ उठले. बाहेर जाऊन फोन केला. तासाभरात दारात टेंपो उभा! त्यातून शिसवी पलंग उतरला, वर गादी, दोन उशा आणि चक्क मच्छरदाणी!

"घ्या सिस्टर, बेड आणला. आता वर घेऊन चला!"

आमचे डॉक्टर पुण्याचे, नवीनच आलेले. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं, की बेड म्हणजे नुसता पलंग नाही. जागा लागते, नर्स लागते, ऑक्सिजनची लाईन लागते. शेठनी खिशातून चिठ्ठी-पेन काढलं.

"सांगा, लिहून घेतो. टेंपो अजून उभा आहे."

संध्याकाळी वडिलांना वर जागा मिळाली. पलंग मात्र शेठनी नेला नाही. "राहू द्या, पुढच्याला होईल," म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे चार स्ट्रेचर आणि एक शेठचा पलंग आहे.

*

एका सकाळी कॅज्युअल्टीत सगळेच खोकायला लागले. स्ट्रेचर एक खोकतंय, दोन खोकतंय, तापवाला तर नाकाडोळ्यांतून गळतोय! पुण्याचे डॉक्टर घाबरले. काहीतरी साथ आली म्हणून सगळ्यांना मास्क लावले, दोघांना वाफ दिली आणि वरिष्ठांना फोन लावणार, एवढ्यात त्यांनाच सात शिंका आल्या.

तेवढ्यात आमचे भटूमामा आले. मामा वॉर्डबॉय. बॉय म्हणायचं, पण पुढच्या वर्षी रिटायर होतील. त्यांनी एकदा हवेत नाक वर केलं आणि कोपऱ्यात बापाच्या उशाशी बसलेल्या माणसाला दंड धरून बाहेर काढलं. तो मिरची वाळत घालतात त्या पथारीवरून थेट आला होता. अंगावर, केसात, शर्टाच्या घडीघडीत नुसती मिरची!

"भाऊ, आंघोय करीसन ये," मामा म्हणाले. "बाप तुन्हा बेमार शे, आमी नही!"

*

सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याने एकाच्या छातीत लाथ घातली. दोन बरगड्या तडकल्या. वर जागा नव्हती म्हणून पट्टा बांधून त्याला तीन नंबरच्या स्ट्रेचरवर ठेवलं. हूं की चूं करायची त्याला सोय नव्हती, श्वास घेतला तरी कळ. पण फोन वाजला की गडी लगेच उचलायचा.

पलीकडे गिऱ्हाईक होतं. ज्याने लाथ घातली, तोच घोडा विकायचा होता. घोड्याचा स्वभाव कसा आहे, असं गिऱ्हाईकाने विचारलं असावं. याने छातीवर हात दाबून धरला, दात आवळले आणि म्हणाला,

"स्वभाव? अरे भाऊ, गायपेक्षा गरीब शे! लेकरू बी बठी जाई!"

*

एक काका न्युमोनियाने आले. अडीच दिवस खालीच होते. सगळी इंजेक्शनं खाली, एक्स-रे खाली, जेवण खाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बरे झालात, घरी जा!" आणि नेमकं त्याच क्षणी वरून निरोप आला, बेड रिकामा झाला!

काकांचा चेहरा असा पडला, की जणू ताटात वाढलेलं कोणी उचलून नेलंय.

"अडीच दिवस वाट दखी. आते बेड उना त घर जाऊ? एकदाव झोपीसन त जासू!"

मी खूप ओरडले. मला राग लवकर येतो, सगळ्यांना माहीत आहे. पण मामांनी गुपचूप त्यांना वर नेलं. काका दहा मिनिटं त्या बेडवर आडवे झाले, मुलाने फोटो काढला, आणि मग सही करून आनंदाने घरी गेले.

*

आता खरी गोष्ट. वर बेड का रिकामे होत नाहीत? पुण्याच्या डॉक्टरांना हे कळायला सहा महिने लागले. एका अमावास्येला ते वर जाऊन आले आणि डोकं धरून बसले.

"सिस्टर, वर अर्ध्या लोकांचा डिस्चार्ज झालाय. कागद हातात आहेत. आणि कोणी उठतच नाही!"

उठणार कसे? अमावास्येला दवाखान्यातून घरी पाऊल टाकायचं नाही. शनिवारीही नाही. परत यावं लागतं म्हणतात! मग वर बरे झालेले झोपून आणि खाली आजारी ताटकळत. डॉक्टरांनी भाषण दिलं, मी आवाज चढवला. कोणी हललं नाही.

तोड काढली ती भटूमामांनी. आपल्याकडे वाईट दिवशी प्रवासाला निघायचंच असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू आणि सुपारी फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे ठेवतात. प्रस्थान ठेवलं म्हणतात. वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की माणूसही निघाला असं धरायचं, मग दुसऱ्या दिवशी खुशाल जा! मामा अमावास्येच्या आदल्या दिवशी वॉर्डात फिरले.

"उद्या जावानं शे ना? मंग आजच परस्तान ठेवा. आमनी कॅज्युअल्टी वॉर्डना बाहेरच शे!"

गाठोडी माझ्या टेबलाखाली. मला पाय ठेवायला जागा उरली नाही, पण अमावास्येला सकाळी नऊलाच बेड रिकामे! डॉक्टरांनी मामांना चहा पाजला. हल्ली तर तेच विचारतात, "मामा, उद्या तिथी काय?"

*

आणि अशाच एका अमावास्येच्या आदल्या दिवशी माझा भाऊ रिक्षातून आईला घेऊन आला.

न्युमोनिया. ऑक्सिजन ब्याऐंशी. ओठ काळेनिळे. स्ट्रेचर भरलेले, म्हणून तिला शेठच्या पलंगावर झोपवलं आणि सिलेंडर लावला. पण आमचे सिलेंडर मोजके. तिला वरची लाईनच हवी होती आणि बायकांच्या वॉर्डात एकही बेड नव्हता.

यादी मीच लिहिते. आईच्या आधी दोघी होत्या. एक डोंगराकडची पोरगी, सिकलसेलच्या दुखण्याने तळमळणारी, आणि एक दम्याची बाई. पेन माझ्या हातात होतं. डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, आईचं नाव वर घेऊ का?" मी त्या पोरीकडे बघितलं आणि तिसरं नाव लिहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

बाहेर येऊन आईला म्हणाले, "माय, बेड भेटी, थांब!" तिने मास्कमधून नुसती मान हलवली. पलंगाखाली तिची चप्पल दिसली नाही, गडबडीत रिक्षात राहिली असणार. तिच्या पलंगाशेजारून मामा वॉर्डातली गाठोडी आणून टेबलाखाली लावत होते.

दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी, ऐन अमावास्येला, वरच्या चार बायका आपापली गाठोडी उचलून घरी गेल्या. पोरगी वर गेली, दम्याची बाई गेली, आणि दहा वाजता आई! संध्याकाळी ऑक्सिजन चौऱ्याण्णव झाला, तेव्हा मी सकाळपासूनचा पहिला घोट पाणी प्याले.

टेबलाखाली एक गाठोडं उरलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या जुन्या हिरव्या कापडाचं. मी वर ओरडून विचारलं, कोणाचं राहिलं? कोणी घ्यायला येईना. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ज्यानं शे तो ली जाई." आठवडाभर मी त्यावर पाय ठेवून बसले.

आईचा डिस्चार्ज झाला नेमका शनिवारी! बावीस वर्षं लोकांवर ओरडले, आता माझीच आई बेड अडवून बसणार आणि सगळा स्टाफ हसणार! भांडायच्या तयारीनेच वर गेले, हातात भावाने आणलेली नवीन चप्पल. बघते तर आई पदर खोचून तयार!

"माय, आज शनवार शे..."

"माले माहीत शे. चाल."

नवीन चप्पल तिने घातली नाही. अनवाणी खाली आली, थेट माझ्या टेबलाशी. भटूमामांनी वाकून हिरवं गाठोडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने गाठ सोडली. आत एक सुपारी आणि तिची चप्पल!

"हाई कव्हय ठेवं तू?" मी विचारलं.

"तू मन्हं नाव तिसरं लिखं ना, तव्हयच." तिने चप्पल पायात सरकवली. "मी काय आठे ऱ्हावाले उनू व्हतू का?"