बगदादच्या गाडीतली झोप

कापडे गावचा गोमाजी उतेकर मुंबईत इमारतींच्या सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या कामावर होता. १९८१ साली एका कंत्राटदाराने त्याला इराकला नेलं. पुढे खटपट करून गोमाजीने चुलतभाऊ गणूलाही तिकडे बोलावून घेतलं. गणूची आई राहीबाई नको नको म्हणत होती. ‘काकी, मी हाय ना तिकडं,’ असं गोमाजीने पत्रात लिहिलं, तेव्हा कुठे तिने होकार दिला.

काम बसऱ्याजवळ होतं. पाचव्या महिन्यात गणू परांचीवरून पडला. डोक्याला मार म्हणून त्याला बगदादच्या इस्पितळात हलवलं. गोमाजी रोज मुकादमाकडे रजा मागत राहिला. मिळाली ती सातव्या दिवशी.

बगदादला जाणाऱ्या रात्रीच्या आगगाडीत त्याला झोपायची जागा मिळाली. लढाई चालू होती, म्हणून दिवे अगदी मंद आणि खिडक्यांना काळा कागद. गादीवर धुतलेली चादर, वर उशी. समोर हाताला बँडेज बांधलेला एक सैनिक बसला होता.

“हिंदी?” म्हणजे हिंदुस्थानचा का, असं त्याने विचारलं.

“हां. माझा भाऊ हाय बगदादला,” गोमाजी मराठीतच म्हणाला आणि डोक्यावर हात ठेवून दाखवला. सैनिकाने त्याच्या ओंजळीत खजूर घातले आणि खुणेने सांगितलं, झोप आता.

रात्रभर जागंच राहायचं, असं गोमाजीने ठरवलं होतं. पण पाठ टेकली आणि डोळा लागला. इराकमध्ये आल्यापासून तो इतका गाढ कधी झोपला नव्हता. सकाळी सैनिकानेच त्याला हलवून उठवलं. अंग हलकं झालं होतं, बरं वाटत होतं.

इस्पितळात केरळची एक नर्स होती. ती हिंदीत म्हणाली, “रात को दो बजे गया. बहुत देर बोलता रहा. हम किसी को उसकी बोली समझी नहीं.”

मयत पेटीतून गावी पाठवतो, असं सांगून कंत्राटदाराच्या माणसाने गोमाजीच्या सह्या घेतल्या. पेटी कधी आलीच नाही. गणूला तिकडेच पुरलं, एवढं पुढे कळलं.

करार संपल्यावर गोमाजी कापड्याला परतला. राहीबाईने एवढंच विचारलं, “काय बोलला रे शेवटी?”

“मी पोचलो तवा तो नव्हता, काकी. रातीच दोन वाजता गेला.”

“दोन वाजता तू कुठं होतास?”

“गाडीत. झोपलो होतो.”

तिचा विश्वास बसला नाही. “भेटलास तू त्याला. मला सांगत नायस,” असं ती भेटेल त्या प्रत्येक वेळी म्हणायची. दोन वर्षं गोमाजीने ते ऐकून घेतलं. मग एकदा बांधावर ती पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

“तुझं नाव घेतलं त्यानं, काकी. आये, आये म्हणत होता.”

राहीबाईने डोक्यावरच्या भाताच्या पेंढ्या खाली टाकल्या.

“मंग दोन वर्षं का लपवलंस?” तिने विचारलं आणि पेंढ्या पुन्हा उचलून ती चालू लागली. त्यानंतर ती गोमाजीशी कधीच बोलली नाही.