मुलींची बॅच सकाळी सहाला

"ताई, गर्ल्स बॅचचं काय चाललंय? आठवडाभर हजेरीचा ग्राफ खालीच जातोय."

फोनवर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर होते. ते पुण्यात बसतात. वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने चांगले. मी नांदेडच्या जुन्या भागातल्या एका समाजकेंद्राच्या पटांगणात उभी होते. मे महिना. संध्याकाळ झाली तरी जमिनीतून वाफ निघत होती. समोर चार मुली. कबड्डीला चार मुली म्हणजे कुणीच नाही.

"सर, सुट्ट्या आहेत. मामाच्या गावाला गेल्या असतील."

"मग बॉईज बॅच फुल कशी?"

"बघते सर," म्हटलं आणि फोन ठेवला.

आमचं काम थोडक्यात सांगते. शाळा सुटल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतल्या मुलांना केंद्रात आणायचं. खेळ, वाचन, चित्रकला, थोडा अभ्यास. मुलं गोळा करण्याला आमच्यात मोबिलायझेशन म्हणतात आणि आलेली मुलं टिकवण्याला रिटेन्शन. गोळा करणं सोपं. पहिल्या दिवशी बिस्किटाच्या पुड्यावरही गर्दी होते. आमचा पगार रिटेन्शनचा असतो.

हजेरी निम्म्याच्या खाली गेली की बॅच मर्ज करायची, असा नियम. मुलींची बॅच मुलांच्या बॅचमध्ये मर्ज करायची म्हणजे बंद करायची. पुण्यात हे कळत नाही असं नाही. पण 'बंद' असा शब्द तिथे कुणी वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधला आणि होम व्हिजिटला निघाले. प्रत्येक घरी पाणी मिळालं, बसायला सतरंजी मिळाली आणि वेगळं कारण मिळालं. ऊन लई हाय. पाहुणे आलेत. कुरड्या घालायच्यात. डोकं दुखायलंय. वीसेक वर्षं हे काम करतेय. इतकी वेगवेगळी कारणं एकाच आठवड्यात निघाली की मला शंका येते.

शेवटी वैष्णवीच्या घरी गेले. वैष्णवी नववीत जाणार होती. आमची सगळ्यात चांगली रेडर, म्हणजे दम धरून समोरच्या संघाच्या हद्दीत घुसणारी. ती मोरीत भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही. तिची आई विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या करायला जाते. दारातच म्हणाली, "आता मोठी झाली ताई. बस झालं खेळणं."

"मागच्या आठवड्यात लहान होती का?"

आई हसली नाही. मीही फार ताणलं नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर मागून सना आली. तीही आमच्याच बॅचची. इकडंतिकडं बघत म्हणाली, "ताई, वो व्हरांडे में बैठते ना बुड्ढे लोग. हम भागे तो बातां करते. फिर घर पे जाके बोलते."

केंद्राचा व्हरांडा पटांगणाकडे तोंड करून आहे. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तिथे पाच-सहा म्हातारे पत्ते खेळतात. माठातलं पाणी त्यांना मीच पाजत होते.

मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "सिंपल आहे ताई. त्यांना दुसरीकडे बसायला सांगा. प्रिमायसेस आपलं आहे."

आपलं नव्हतं. आमच्या संस्थेला ते फक्त वापरायला दिलेलं. ही माणसं आमच्या आधीपासून तिथे बसत होती. बांधकामाच्या वेळी त्यांनी विटा वाहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी व्हरांड्यात गेले. मधोमध गोविंदराव बसले होते. रेल्वेत रुळांच्या कामावर होते, आता रिटायर. वैष्णवीचे सख्खे आजोबा.

"काका, मुली येत नाहीत."

"हाव, ऊन लई हाय."

"उन्हामुळे नाही. तुमच्यामुळे."

पत्ते थांबले. "आमी काय केलो?" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"तुम्ही बघता. बोलता. मग घरोघर निरोप जातो."

"मग काय बोलावं पण न्हाई का? जवान पोरी चड्डीवर पळायल्यात."

"पायाच्या घोट्यापर्यंत ट्रॅक पँट आहे."

"घट्ट हाय ती."

मी म्हटलं, तुम्ही निदान दोन तास मागच्या बाजूला बसा. तिथे झाडाची सावली आहे. तर दुसरा म्हणाला, "मॅडम, घरी पत्रा तापतो. सुना कामात, आमी आडवे येतो. हितं जरा वारं लागतं तर इथूनही उठवायलात."

तेही खरं होतं. मागच्या बाजूला वारा येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. एखाद्याला दुष्ट ठरवून टाकलं की भांडायला बळ येतं. मला ती सोय नव्हती. मी निघाले.

गोविंदराव फाटकापर्यंत मागे आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लोक तोंडावर बोलले मला. गोविंदराव, नातीला आवरा म्हणले. मी काय सांगू लोकाला?"

"लोक कोण, काका? आत्ता तुमच्यासोबत पत्ते खेळत होते तेच ना?"

त्यांनी मागे व्हरांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या वयात दुसरे दोस्त कुठून आणू?"

खरं तर त्या दिवशी मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

सनाच्या घरी मुलींना गोळा केलं. सनाच्या अम्मीनं पंखा आमच्याकडे वळवून दिला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय करायचं. बराच वेळ एकमेकींना कोपरानं ढोसणं झालं. मग एकीनं सांगितलं, "सकाळी सहाला घ्या ना ताई. तवा तिथं कुणीच नसतंय."

"उठाल का?"

"हम उठते. तुमी?" सनानं विचारलं.

मी गावाबाहेर विष्णुपुरीकडे राहते. त्या वेळेला सिटी बस नसते, ऑटोवाला यायला कुरकुरतो. "उठते," मी म्हटलं.

फक्त वैष्णवी खाली बघत होती. "मला जमत न्हाई. सहाला नळ येतो. आई मेसला गेलेली असती."

सकाळची बॅच सुरू झाली. कबड्डीचा ट्रेनर इतक्या लवकर येणार नव्हता, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात. मुली वाढत गेल्या. कुणी बघत नसलं की त्या किती मोठ्यानं ओरडतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण वैष्णवीशिवाय रेडला दम नव्हता. आणि मी रोज घरी जाऊन गुडघ्यावर बर्फ धरून बसायची.

साधारण दुसऱ्या आठवड्यात वैष्णवी धावत आली. वेणीसुद्धा घातली नव्हती.

"आणि पाणी?"

"आजोबा भरायलेत," म्हणाली आणि सरळ रेडला गेली.

खेळ संपल्यावर मी मुद्दाम वैष्णवीच्या गल्लीतून निघाले. गोविंदराव धोतर वर खोचून नळाचा पाईप एका पिंपातून दुसऱ्या पिंपात टाकत होते. एक हात कमरेवर. मला पाहून थोडे ओशाळले. केंद्राच्या दिशेनं मान हलवून म्हणाले, "तिकडं बोलू नका."

"नाही बोलणार."

संध्याकाळी ते नेहमीसारखे व्हरांड्यात होते. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "मॅडम, पोरी यायचं बंदच झालं का?"

"येतात की."

"कवा? आमाला तर दिसत न्हाईत."

मी काही बोलायच्या आत गोविंदराव म्हणाले, "पान टाका. तुमची पाळी हाय."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. रोज सकाळी सहाला येणं मुलींना जमेना, मलाही झेपेना. कबड्डी फक्त रविवारी सकाळी राहिली. बाकीचे दिवस संध्याकाळी हॉलमध्ये, दार लोटून, वाचन आणि अभ्यास. काही मुली गेल्या त्या गेल्याच. व्हरांडा होता तसाच राहिला. पण बॅच मर्ज झाली नाही.

मॅनेजर खूश झाले. त्यांनी याला 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हटलं आणि लातूरच्या नव्या केंद्रातल्या वर्करला ट्रेनिंग द्यायला मला पाठवलं. एसटीत बसून अंग आंबून गेलं होतं. ती तिशीच्या आतली, उत्साही मुलगी. वही उघडून म्हणाली, "ताई, आमच्याकडं पण मुली टिकत न्हाईत. सगळं पॉइंटवाईज सांगा."

मी सांगितलं, "टाइमटेबल करायच्या आधी त्या गल्लीत नळ कधी येतो ते विचार. आणि मुलीऐवजी पाणी भरणारं घरात कोण आहे, तेही."

तिनं लिहून घेतलं आणि पुढच्या पॉइंटसाठी थांबली. माझ्याकडे पुढचा पॉइंट नव्हता. मी चहा मागवला.