नर्तकीच्या गालावरचं दगडफूल

भर वैशाखात, अंगणातल्या फरशीवर पाऊल ठरत नसे तेव्हा, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या सावलीतल्या भिंतीला गाल लावून उभं राहिलं की त्या काळ्या दगडातून एक ओलसर गारवा हळूहळू कानशिलापर्यंत चढत यायचा... आणि त्याच्याबरोबर वास. सुकलेल्या बेलपानांचा, सांडलेल्या दुधाचा, वटवाघळांचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी दगडाचा स्वतःचा, जुना, मातकट वास. आजही डोळे मिटले की तो वास येतो, आणि मी ते चटकन उघडते. कारण त्याच भिंतीवर एक नर्तकी कोरलेली आहे, आणि तिच्या गालाचं जे काही झालं ते मी केलं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. बाबा एका कारखान्यात तपासनीस होते. मापात केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचे, आणि घरीही साधारण तसेच वागायचे. देवळाच्या कडेने वालधुनी वाहायची. पुढे उल्हासनगरच्या अंगाला तिचा रंग रोज बदलत असे म्हणे, पण देवळाजवळ, निदान पावसाळ्यात तरी, ती नदीसारखी नदी होती. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं गावातली माणसं सांगत. ते शिलाहारांच्या काळातलं, नऊशे वर्षांपूर्वीचं, असं बाबा सांगत. मी एकदा हा वाद पहारेकरी बाळारामकाकांपुढे मांडला, तर ते म्हणाले, "पांडवांनी बांदलं आसंल नि शिलाहारांनी राखलं आसंल. बांदनारा येकदाच बांदतो गो, राखनाऱ्याला रोज यावं लागतं."

बाळारामकाका जवळच्याच एका गावचे. पावसाळ्यात पहाटे उठून भाताच्या खाचरात राबायचे आणि दिवसा खाकी सदरा चढवून देवळात हजर. फाटकाजवळच्या निळ्या पाटीवर 'संरक्षित स्मारक' असं लिहिलेलं होतं. त्यांना वाचायला फारसं येत नसे, म्हणून ती पाटी मी त्यांना कितीदा तरी वाचून दाखवली होती, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवायचे. मग हळूहळू मी त्यांची बिनपगारी मदतनीसच झाले. सुट्टीत रोज तिथं. कुणी खिळ्यानं, किल्लीनं दगडावर नाव कोरताना दिसलं की मी कमरेवर हात ठेवून पुढे उभी राहायची — "हे देऊळ काय तुमच्या एकट्याचं आहे?" वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली ती दीडशहाणी मुलगी पाहून मोठी माणसंसुद्धा ओशाळत.

हा विचार मूळचा बाबांचा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला 'सार्वजनिक मालमत्ता' हा धडा शिकवताना ते म्हणाले होते, "सार्वजनिक म्हणजे कुणाचंच नाही, असं लोक समजतात. तसं नव्हे. सार्वजनिक म्हणजे आपलं." मला ते मनापासून पटलं. आता आमच्या घरात जे आपलं असे, ते घासलं जाई. दर रविवारी बाबा तारेचा ब्रश घेऊन लोखंडी फाटकाचा, सायकलच्या दांड्यांचा गंज काढत, आणि खालून चकाकी वर आली की स्वतःशीच शीळ घालत. एका उन्हाळ्यात मी सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि आई गोडा मसाला करत होती. घरभर भाजल्या धण्यांचा, खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास कोंडला होता. दगडफूल निवडायला मला बसवलं होतं — ते राखाडी, कुरळे, कागदासारखे पापुद्रे. "हे दगडावर उगवतं?" मी विचारलं. "उगवतं, आणि खरवडून काढतात," आई म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे नर्तकी आली. तिच्या गालावर, हनुवटीवर, अर्ध्या ओठावर अगदी तसलाच राखाडी-हिरवा थर धरलेला होता. इतकी देखणी बाई, आणि तोंड कधी कुणी धुतलेलं नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी काका चिंचेखाली भाकरी खायला बसले, तेव्हा मी पिशवीतून बाबांचा ब्रश काढला. मी होते म्हणून तर ते निर्धास्त बसले होते... दगडाच्या चौथऱ्यावर चढून, जीभ दातांत धरून, मी मन लावून घासलं. थर भुरभुरत खाली पडत होता, हाताला रग लागली होती, आणि मी बाबांची शीळ घालत होते.

हात थांबवून मागे सरले तेव्हा दिसलं. गाल उजळला नव्हता. पांढरट पडला होता, आणि त्यावर ब्रशच्या तारांचे बारीक ओरखडे उठले होते. पापणीची जी एक नाजूक रेघ होती, ती पुसट झाली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आई म्हणायची, ते मला त्या दिवशी कळलं.

काका आले. ओरडले नाहीत. डोक्याचं मुंडासं काढून खाली बसले. म्हणाले, "त्यो मळ नव्हता गो. दगडालाबी कातडी आसते. आपली सोलली तर भरून येते. दगडाची कदी भरायची?"

"पण मी आपलं समजून केलं काका," मी रडत म्हणाले.

"आपलं म्हंजे तुज्या येकटीचं नाय ना पोरी."

माझंच वाक्य होतं ते. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. काकांच्या अख्ख्या घरात तीच एक पगाराची नोकरी, हे मला ठाऊक होतं. रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश हातात घेतला, तारांत अडकलेली भुकटी पाहिली आणि म्हणाले, "शुक्रवारी तू देवळात जाशील. मी सोबत असेन, पण बोलशील तू." त्या रात्री ते जेवले नाहीत. आपल्या शिकवण्यात कुठं माप चुकलं ते शोधत असावेत.

शुक्रवारी आम्ही पोचलो, तेव्हा साहेब नर्तकीपुढेच उभे होते आणि काका हात जोडून सांगत होते, "माज्याच हातानं झालं साहेब. शेवाळ काडाया गेलो. मला आडान्याला काय कळनार?" सगळं मिटलंच होतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. काकांनी नजरेनं मला तसं सांगितलंही. मी बाबांकडे पाहिलं, तर ते मुद्दाम शिखराकडे पाहत होते.

"मी घासलं," मी म्हणाले. "काका भाकरी खात होते."

साहेबांनी चष्मा काढला. रागावतील, पोलिसांत देतील असं वाटलं. त्यांनी फक्त वही उघडली आणि माझं नाव विचारलं. "वर्षा, इयत्ता सहावी," असं लिहून घेतलं, नर्तकीच्या क्रमांकासमोर. आणि काकांना म्हणाले, "तुम्ही जा, कामाला लागा." लोकांना त्या दगडावर नावं लिहू न देणारी मी, आणि सरकारच्या दप्तरात त्या दगडापुढे नाव लागलं ते माझंच. मला फार लाज वाटली, आणि तितकंच हलकंही वाटलं.

पुढे काका आणखी कितीतरी वर्षं तिथं होते. कुणी दगडाला हात घातला की त्याला नर्तकीपुढे नेत आणि म्हणत, "ह्ये येका गुनी पोरीनं केलंय. मग तुजं काय सांगू?" लग्न होऊन मी बदलापूरला गेले, तरी माहेरी आले की देवळात चक्कर ठरलेली. "आलं का हो दगडफूल?" मी विचारायची. ते वाकून, डोळे बारीक करून पाहायचे. "नाय आजून. येल. त्याला घाई नाय." नव्वदचं दशक सरता सरता काका गेले. बाबाही गेले. तो ब्रश मात्र मी ठेवला आहे, टाकवत नाही.

गेल्या महाशिवरात्रीची जत्रा ओसरल्यावर सकाळी गेले होते. भिंतीवर नव्या नावांची भर पडली होती. नर्तकी तशीच, एक पाय मुडपून उभी. सवयीनं वाकले... आणि गालाच्या कडेला, ओरखड्यांच्या अगदी टोकाशी, करंगळीच्या नखाएवढा एक राखाडी-हिरवा पापुद्रा दिसला. हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"आलं हो काका," मी म्हणाले.

जवळचा नवा पहारेकरी चमकून म्हणाला, "बाई, दगडाला हात लावू नका." मी दोन पावलं मागे सरून उभी राहिले.