चातीला पातळ, गिअरला घट्ट

डावीकडे बंद गिरणीची काळी दगडी भिंत, उजवीकडे आमच्या चाळीचा लाकडी जिना, मध्ये डिलाईल रोडवरून आत वळलेली गल्ली. भिंतीला टेकून तेलाचे डबे, पत्र्याचं नरसाळं, चिंध्यांचा ढीग. एका उलट्या खोक्यावर दत्ताराम बसलाय. खाकी अर्धी चड्डी, बनियन, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. चिमटीत तेलाचा थेंब धरून तो डोळे मिटून चोळतोय, गवई तंबोऱ्याची तार लावतो तसा. समोर आनंदाची चहाची टपरी, स्टोव्हची फुरफुर. आणि मग पों पों करत प्रवेश होतो तिचा. छप्पर नसलेली, दोन माणसांपुरती, भडक लाल विलायती मोटार!

असा प्रवेश आम्हा नाटकवाल्यांना जन्मात मिळाला नाही. गॅलरीतली निवडायची भाजी तशीच टाकून बायका कठड्याला आल्या. कामगारांच्या नाटकांत मी पंचवीस वर्षं तोंडाला रंग लावला, दामोदर हॉलमध्ये टाळ्याही घेतल्या. पण पहिल्या वाक्याआधी टाळी? छे!

गाडी अंबिकाबाई विजयकरांची. गिरगावात ठाकूरद्वारला राहायच्या, आमच्या नाटकांना पेटीची साथ करायच्या. सत्तरी जवळ आलेली, नऊवारी नेसून गाडी चालवायच्या. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, एमजी कंपनीची. भाऊ बोटीवर इंजिनिअर होता. तो गेला आणि गाडी बहिणीकडे राहिली. पुढचे दिवे ताठ धरून मिरवायच्या तिच्या ऐटीमुळे गल्लीने तिचं नाव लगेच ठेवलं, लाल कोंबडा. अंबिकाबाईंना दत्तारामकडे मीच पाठवलं होतं, म्हणून जिन्यावरून मीही लगबगीने खाली उतरले.

आता दत्ताराम कोण ते सांगायला हवं.

देवगडकडचा. चुलत्याच्या बोटाला धरून मुंबईत आला आणि गिरणीत तेलवाला झाला. कापड विणायचे साचे चालवणारा वेगळा, सूत जोडणारा वेगळा. दत्तारामने फक्त तेल घालायचं. सूत गुंडाळणाऱ्या हजारो चात्या सतत फिरतायत, त्यांच्यामधून हातात लांब चोचीचं कॅन घेऊन हा माणूस दिवसभर चालायचा. कुठली चाती कोरडी पडली ते त्याला आवाजावरून कळायचं. त्याचा एकच मंत्र होता: चातीला पातळ, गिअरला घट्ट. बारीक आणि वेगाने फिरणाऱ्याला पाण्यासारखं तेल, दात्यांच्या जाड चाकांना काकवीसारखं. त्याच्या हाताखालचं एकही यंत्र तापलं नाही असं तो स्वतः सांगायचा, आणि आश्चर्य म्हणजे इतरही सांगायचे.

मग ब्याऐंशीचा संप आला. तो मागे घेतला असं कुणी जाहीर केलं नाही आणि भोंगाही पुन्हा वाजला नाही. बाकीचे कामगार गावी गेले, भाजी विकू लागले, वॉचमन झाले. दत्तारामचे हात मात्र शिवशिवायचे. त्याने चाळीतल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. नळाला घातलं. आमच्या हॉलच्या पडद्याची कप्पी करकरायची, तिला घातलं. पडदा इतका गुपचूप वर गेला की आमचा राजा पाठमोरा खाजवत उभा होता तो लोकांना दिसला. शेवटी त्याची बायको कमल, जी खानावळ चालवून घर ओढत होती, ती म्हणाली, "उद्या माझ्या कानात घालशीत. भायेर जा आणि काय ता कर."

तो बाहेर पडला आणि गिरणीच्या त्याच भिंतीला पाठ लावून टॅक्सी-स्कूटरचं तेल बदलायला बसला.

पण खरा मान खंडेनवमीचा. गिरणीत त्या दिवशी यंत्रं पुसून, फुलं वाहून पूजा व्हायची आणि ताज्या तेलाचा पहिला थेंब त्या त्या खात्याचा तेलवाला घालायचा. जॉबर, मुकादम सगळे हात जोडून उभे. गिरणी गेली, पण आमच्या गल्लीने तो मान दत्तारामला तसाच ठेवला. खंडेनवमीला सकाळी शिलाई मशीन, हातगाडीची चाकं, टॅक्सी, पिठाच्या गिरणीचा पट्टा, जे फिरतं ते सगळं त्याच्यापुढे यायचं. तो आंघोळ करून, धोतर नेसून प्रत्येकात एक थेंब सोडायचा. कमल मला एकदा म्हणाली होती, "वर्षातून एक दिवस तो परत कामावर जाता बघ."

लाल कोंबडा आला तेव्हा खंडेनवमी अगदी तोंडावर होती.

"दत्ताराम," अंबिकाबाई म्हणाल्या, "दसऱ्याला हिला घेऊन शिवाजी पार्कला चक्कर मारणार आहे. इंजिनाचं आणि गिअरचं, दोन्ही तेलं बदला. एक पंपवाला म्हणतो, नवीन पातळ तेल आलंय, ते घाला."

दत्तारामने इंजिनावर तळवा ठेवला, खाली वाकून पाहिलं. "बाई, पंपवाल्याचं लग्न झालं नसेल. म्हातारं माणूस त्याने घरात बघितलं नाय. ही सगळीकडून सैल झालेली. पातळ घातलंत तर इथून ठाकूरद्वारपर्यंत रांगोळी काढत जाईल. हिला वीस-पन्नास नंबरचं घालूया. सकाळी थंडीत पातळ असल्यासारखं धावतं, तापलं की जाड असल्यासारखं टिकतं."

"आणि गिअरबॉक्समध्येही तेच हं. माझा भाऊ एकाच डब्यातलं दोन्हीकडे घालायचा."

दत्ताराम हसला. आनंदाही हसला, कारण हसण्याची संधी तो सोडत नसे. हा आनंदा जुना साचेवाला. साचेवाले स्वतःला गिरणीचे राजे समजायचे आणि तेलवाल्यांना चिडवायचे. गिरणी बंद पडली तरी ते चिडवणं चालू होतं.

"बाई," दत्ताराम म्हणाला, "एकाच पिठाची पोळी आणि घावणे करतात काय? गिअर म्हटला की दाते आले. दात्यांना घट्ट पाहिजे. तुमचे भाऊ बोटीवर होते, बोटीवर डबेच कमी असतील."

अंबिकाबाईंनी खांदे उडवले. दत्तारामने इंजिनात वीस-पन्नास घातलं आणि गिअरबॉक्समध्ये आपलं ते काकवीसारखं, नव्वद नंबरचं. बोटांनी चोळून, वास घेऊन, पूर्ण विधीने.

रात्रभर गाडी गल्लीतच होती. सकाळी अंबिकाबाई आल्या, बसल्या, निघाल्या. पहिला गिअर पडला. दुसरा टाकताना मात्र असा आवाज आला की पत्र्यावर कुणी खिळा ओढावा. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच आवाज. गॅलऱ्या भरल्या. बाई पहिल्यातच गाडी घेऊन रस्त्यावर गेल्या, एक हातगाडीवाला त्यांना ओलांडून पुढे गेला आणि मागे वळून सलाम ठोकून गेला. नाक्यावरून वळसा घालून लाल कोंबडा रांगत, आरवत परत गल्लीत आला.

"दत्ताराम," आनंदा ओरडला, "अंडं घालतोय वाटतं रे तुझा कोंबडा!"

दत्तारामचा चेहरा पाहवेना. अंबिकाबाई खाली उतरल्या. रागावल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं.

"खरं सांगा. आतले दाते गेले असतील तर मी ओढाताण करत नाही. फोर्टातले एक गृहस्थ कधीचे मागतायत, देऊन टाकते."

"बघतो बाई," एवढंच तो म्हणाला. बाई टॅक्सीने गेल्या.

त्या गेल्यावर आनंदा चहा घेऊन आला, फुकटचा. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "परवा खंडेनवमी. आख्खी गल्ली हा आवाज ऐकून बसलीय. ती जाईबाई, तिचं घर शिलाई मशीनवर चालतं, ती आणील का तुझ्यापुढे? तू सांग, दाते झिजलेत. जुनी गाडी, कोण नाही म्हणेल? बाई पण तेच म्हणते. तुझा मान राहील."

"आणि बाईची गाडी?"

"जाईल कुठेतरी चांगल्या घरी."

दुपारी खानावळीत मी जेवायला बसले होते, तर दत्ताराम पाटावर समोर भात घेऊन नुसता बसलेला. कमल वाढता वाढता म्हणाली, "त्या बाईन काय सांगितल्यान होता?"

"एकाच डब्यातला घाल म्हणून."

"मगे घातलंस नाय कित्याक?"

"गिअर आसा गो तो!"

"असतलो. पण गाडी तिची ना? वीस वर्षां ती चालयता, आणि तुका कळला एका रात्रीत?"

दत्ताराम उठला. फळीवरचा पितळी पेला घेतला, एक पितळी वाटी घेतली. वाटीत पेला नीट बसतो हे पाहिलं. मग बाहेरून दोन डबे घेऊन आला आणि कमलच्या डोळ्यांदेखत वाटीत ते काकवीसारखं तेल ओतलं.

"अगो बाई! माझ्या वाटयेत!"

जेवणारे घास हातात धरून बघत राहिले. त्याने पेला वाटीत दाबला आणि फिरवला. पेला तेलावर तरंगला, गरगर फिरत राहिला, काही केल्या वाटीला धरेना. मग चिंधीने दोन्ही पुसून त्याने वीस-पन्नास घातलं, दाबलं, फिरवलं. पेला जरासा फिरला आणि वाटीला चिकटून थांबला.

"तारदेवच्या गॅरेजात एकदा असा गिअरबॉक्स उघडलेला मी बघितलाय," दत्ताराम म्हणाला, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. "ह्या गाड्यांत दात्यांच्या अगोदर पितळी कडं असतं. गिअर टाकताना ते कडं आधी धरतं, चाकाचा वेग जुळवतं, मग दाते बसतात. घट्ट तेलात ते धरतच नाय. दाते आपटतात. गिरणीत कोण गिअर बदलत होता? चाकाला चाक कायमचं लागलेलं. तिथे घट्टच पाहिजे." त्याने पेला खाली ठेवला. "दाते शाबूत हत. तेल चुकला."

कमलने वाटी उचलली आणि राखेने घासायला घेतली. "मगे आताच जा आणि बदल. गल्ली झोपलेली आसा, दुपार आसा. हे जेवणारे आपलेच, कोणाक कळूचा नाय."

मलाही तेच वाटलं. मीही तसं म्हणाले. खोटं कुणाशी बोलायचं नव्हतं. बाईंची गाडी वाचणार, याचा मान वाचणार, प्रयोग उरकून घ्यावा आणि पडदा पाडावा.

दत्तारामने मान हलवली. "सुभद्राबाय, गाडी आरडली ती चारचौघांत. तिची बदनामी भर रस्त्यात झाली. आता तिला गपचूप बरी करू? आजारपण तिचं आणि शहाणपण माझं, असं होईल."

खंडेनवमीला सकाळी गल्लीत झेंडूचा वास सुटला होता. मी आदल्या दिवशीच अंबिकाबाईंना निरोप धाडला होता, त्या आल्या. टॅक्सीवाले, पिठाच्या गिरणीचा भय्या, आनंदा स्टोव्हचा पंप हातात घेऊन, सगळे जमले. पण कुणी पुढे होत नव्हतं. जाईबाई जिन्याच्या पायरीवर शिलाई मशीन मांडीवर घेऊन बसली होती, आईने तापातलं मूल धरावं तशी.

दत्ताराम धोतर नेसून आला आणि धोतर नेसूनच गाडीखाली शिरला! गिअरबॉक्सचं बूच काढलं. जाड तेल सावकाश परातीत पडू लागलं. पडून संपेपर्यंत आख्खी गल्ली त्या धारेकडे बघत होती. मला असे प्रेक्षक फार थोड्या प्रयोगांना मिळाले. मग तो बाहेर आला, धोतरावर काळा नकाशा घेऊन.

"ऐका," तो म्हणाला. "बाईंनी मला बरोबर तेल सांगितलं होतं. मी हसलो. गाडी ओरडली ती माझ्यामुळे. हिचे दाते तुमच्या-माझ्यापेक्षा धड आहेत." मग वीस-पन्नासचा डबा त्याने अंबिकाबाईंपुढे धरला. "पहिला थेंब आज तुम्ही घाला बाई."

"अहो, तुमचा मान तो."

"आज नाय."

अंबिकाबाईंनी नरसाळ्यात तेल सोडलं. दत्तारामने पुरतं भरलं, बूच लावलं, गाडीला हळदकुंकू वाहिलं. बाई बसल्या. पहिला गिअर. आनंदाने चक्क डोळे मिटून घेतले. दुसरा गिअर असा पडला, जसा पानाचा विडा तोंडात पडावा. तिसरा रस्त्याला लागल्यावर. लाल कोंबडा सात रस्त्याच्या दिशेने दिसेनासा झाला आणि वळणावरून त्याचा हॉर्न मोठ्या दिमाखात ऐकू आला.

टाळ्या पडल्या. पण टाळ्या म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. टाळ्या वाजवून लोक घरी जातात. दत्तारामही जमलेल्यांकडे बघत होता, डोळ्यांवरचा चष्मा दोरीसकट वाकडा, हातात चोचीचं कॅन. कुणी हलेना. भय्याने पट्टा खांद्यावरून काढला नाही.

"काय रे," आनंदा म्हणाला, "आता माझा स्टोव्ह देऊ की नको?" पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

तेवढ्यात जाईबाई पायरीवरून उठली. मशीन उचलून आणलं आणि खोक्यावर ठेवलं, ठणकन.

"घाल बाबा. पण माझ्या मशीनला ओरडायला लावशील तर तुझ्या खानावळीत येऊन बसेन हां, पोरांना घेऊन, दोन्ही वेळ!"

गल्ली हसली. दत्ताराम हसला नाही. खाली बसला, मशीनचं चाक एका बोटाने फिरवलं, कान जवळ नेला. सवयीने कॅनची चोच भोकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्याने चष्मा सरळ केला, मान वर करून जाईबाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाईबाय, आधी तुमी सांगा, ह्या मशिनीक आजपर्यंत तेल खयचा घालीत इलास, पातळ की घट्ट?"