धारेच्या वेळी नाटक

नाटकाची वेळ ठरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

मे महिन्यातले चार शनिवार आणि चार जुनी नाटकं, असा आमचा हंगाम. नाटकं शंभरेक वर्षांपूर्वीची. राजा-राणी, शाप, वनवास, मधूनमधून पदं. थिएटर म्हणजे बैलगाड्यांचा घाट. घाट म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर नदीच्या पायऱ्या येतात त्यांच्यासाठी सांगते, आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडा पळवायचा लांबलचक चढ. खाली सपाटीला बैल जुंपतात, वर निशाण असतं. जत्रा आटोपल्या की हा घाट मोकळा पडतो. माझे सासरे मंचरला कांदा-बटाट्याचे आडतदार, पण त्यांचा सगळा जीव नाटकात. त्यांनीच डोकं चालवलं, की सपाटीला स्टेज बांधायचं आणि बैल पळतात त्या चढावर माणसं बसवायची. पुढच्याचं डोकं मागच्याला आडवं येत नाही आणि भाडंही लागत नाही. मी त्यांची सून. स्टेजच्या डाव्या अंगाला टोमॅटोच्या उलट्या क्रेटवर बसून प्रॉम्प्टिंग करायचं, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, ही माझी कामं.

वेळ अशी होती: साडेचारला सुरू, साडेसहाला मध्यंतर, आठच्या आत पडदा. यातला एकेक आकडा मी भांडून ठरवला होता. मध्यंतर साडेसहाला, कारण आमच्या जैन घरांतली माणसं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. पहिल्या वर्षी दुसरा अंक लांबला, ऊन डोंगरापलीकडे निघालं, आणि ऋषी राजाला शाप देत असताना पुढच्या चार रांगांनी एकदम डबे उघडले. शाप पुऱ्या आणि लोणच्याच्या वासात वाहून गेला. आठची वेळ बिबट्याची. आमच्याकडे उसात बिबट्या आहे हे कुणी कुणाला सांगत नाही, आठनंतर वस्तीवर एकटं जायचं नाही एवढंच सगळे पाळतात. शिवाय शेतीची लाईट कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री, तेही बघून मी शनिवार निवडायची. मी सगळ्यांची सोय बघितलीय, असं पाहुण्यांना छाती काढून सांगायची.

माझं वाकडं होतं ते फक्त माईकवाल्याशी. हा गडी पिंपरी पेंढारचा, घाटात बैलगाड्यांचं निवेदन करणारा. बैल दहा-बारा सेकंदांत वर जातात, तेवढ्यात हा मालकाचं नाव, गाव, बैलांचं कौतुक आणि गाडा ठरल्या वेळेत वर आला की नाही, सगळं सांगून मोकळा होतो. नाटकालाही तोच. पहिल्या वर्षी नटांची ओळख त्यानं "आला, आला, आला, राजा आला!" अशी करून दिली आणि राजा बिचारा धावतच आत आला.

त्याचा खरा जीव सत्कारात. आमच्याकडे चार लोकांत ओळखीचा माणूस कार्यक्रमाला आला की त्याचा सत्कार होतो. शाल, टोपी, नारळ. कार्यक्रम कुठला आणि कुठवर आलाय हे बघायची पद्धत नाही. त्या पहिल्याच वर्षी राजा राणीच्या मांडीवर बेशुद्ध पडला होता, माणसं डोळे पुसत होती, आणि माईकवर आवाज आला, "आपल्यात चेअरमन साहेबांचं आगमन झालेलं आहे." राजा उठला. त्यानंच चेअरमनना नारळ दिला, शाल पांघरली, नमस्कार केला आणि परत येऊन राणीच्या मांडीवर होता तसा बेशुद्ध पडला. राणी हसायला लागली ती पडदा पडेपर्यंत. मी त्या दिवशी माईकवाल्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या वर्षापासून नाटकात सत्कार बंद.

"भाभी, सत्कार न्हाई तर मान्सं यायची कशाला?" तो म्हणाला. शेतकरी मंडळी मला भाभीच म्हणतात.

"नाटक बघायला," मी म्हणाले.

"त्ये बगत्यातच वो," तो म्हणाला, आणि पुढची पाच वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलला.

आता राजांबद्दल. महाळुंगे पडवळच्या एका मळ्यातले हे शेतकरी, चार गाई, कांदा, थोडा ऊस. बोलणं अस्सल गावरान, पण दाढी लावून स्टेजवर उभे राहिले की असं स्वच्छ, जुन्या वळणाचं मराठी बोलायचे की मंचरचे मास्तर लोक चाट पडायचे. सहा वर्षं प्रत्येक नाटकात राजा तेच. आम्ही सगळे त्यांना राजेच म्हणायचो. गेल्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी ते आडतीवर आले, सासऱ्यांना नमस्कार करून माझ्याकडे वळले.

"भाभी, यंदा शेवटचं. गुडघं बास म्हनत्यात."

मला वाईट वाटलं, तसं मी बोललेही.

"त्याचं काय न्हाई. पन एक हाय. आमच्या मंडळीनं मला नाटकात अजून येकदा बी बघितलं न्हाई. सा वर्सं झाली. यंदा तरी तिनं बगावं असं वाटतंया." एवढं बोलून ते बाजूच्या बटाट्याच्या पोत्याकडे बघत बसले, जणू पोत्याचंच काही चुकलं होतं.

खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा रागच आला. नवऱ्याचं एवढं नाव, आणि हिला सहा वर्षांत एक संध्याकाळ सवड नाही? मी राजांना म्हटलं, शेवटच्या शनिवारी त्यांना आणायचंच, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवते.

तीन शनिवार छान गेले. शेवटच्या शनिवारी राजे दुपारी एकटेच आले. शेजारीण गाईंची धार काढणार होती, राजांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, धाकट्या दिराच्या मोटारसायकलवर मागून येणार होत्या, सगळं ठरलं होतं. पण दुपारी त्यांची पहिलटकरीण गाय अस्वस्थ व्हायला लागली, आणि पहिल्या वेतातल्या गाईला सोडून बाई निघेल कशी? राजांनी दाढी चिकटवली आणि फोन माझ्या हातात दिला. "वाजला तर तुमीच घ्या. मला सांगू नगा, माझं ध्यान उडंल." पहिले दोन अंक त्यांनी उत्तम केले. पण प्रत्येक प्रवेशाला त्यांची नजर पुढच्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीवर एकदा जाऊन यायची. माझीही जायची.

मध्यंतरात डबे उघडले तेव्हा फोन वाजला. वहिनीच होत्या. "भाभी, वासराचं पाय दिसाया लागल्यात. तिसऱ्या अंकाचा पैला प्रवेश झाला न्हाई ना?"

"नाही, पण दहा मिनिटांत सुरू होईल."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अडचण अशी की तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश राजांचा, आणि तोच त्यांचा शेवटचा. राजा राज्य सोडून आलाय, साध्या वेशात आपल्याच राणीच्या दाराशी उभा आहे, आणि तिथून कायमचा निघून जातो. पुढचा सगळा अंक बाकीची पात्रं त्याच्याबद्दल बोलत बसतात. म्हणजे तो प्रवेश हुकला की सगळंच हुकलं. सात वाजायला पाच कमी असताना परत फोन आला. "व्याली. कालवड झाली. हात धुतले की निघते." निघाल्यावर अर्धा तास तरी लागणार. इकडे माणसं डबे आवरून बसली होती, आणि राजे पडद्यामागे काठी घेऊन तयार होते.

मी क्रेटवरून उठले आणि माईकवाल्याकडे गेले.

"सत्कार सुरू करा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला ऊन लागलंय. "कुनाचा?"

"सगळ्यांचा. अर्धा तास काढा."

"कशापायी?"

मी सांगितलं. तो एकदाच खाली बघून हसला, माईक तोंडाशी धरला आणि पाच वर्षांची कसर काढायला लागला. आधी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा सत्कार झाला. मग त्यांच्याहून म्हातारे आपण आहोत असं म्हणत उठलेल्या दुसऱ्यांचा. मग वायरमनचा, मांडववाल्याचा, यंदा घाटात पहिली आलेल्या बैलजोडीच्या मालकाचा, आणि बैल घरी असल्यामुळे त्यांच्या वतीनं परत त्याच मालकाचा. नारळ दोनच होते. एकाला दिला की माईकवाला म्हणायचा, "नारळ हिकडं ठिवा, जाताना न्या," आणि तोच नारळ पुढच्याला जायचा. शाल तर एकच होती. माझ्या सासऱ्यांचा सत्कार तीन वेळा झाला. एकदा आडतदार म्हणून, एकदा नाटकवेडे म्हणून, आणि एकदा मंचरचे पाहुणे म्हणून. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बेटा, काय चाललंय?" मी म्हटलं, "पप्पाजी, जरा भाषण करा ना." त्यांना तेवढंच पुरे होतं.

लोक कंटाळले असतील म्हणता? छे. चढावर बसलेला प्रत्येक जण आपलं नाव येतंय का याच्याकडे कान लावून बसला होता. आठची वेळ हुकणार हे दिसत होतं, तेव्हा माईकवाल्यानंच जाहीर केलं की आज सगळे ट्रॅक्टर-ट्रॉलीतून एकत्र जातील, बिबट्याची फिकीर नको.

साडेसातला लांब एक मोटारसायकलचा दिवा दिसला. मी हात वर केला, माईकवाल्यानं सत्कार आवरले, आणि पडदा वर गेला.

राजे काठी टेकत पुढे आले. राणीचं काम करणारी आमच्या बँकेतली बाई दारात उभी राहिली. राजांनी आवाज लावला, "सिंहासन सोडताना मी मागे वळून पाहिलं नाही..." आणि तेवढ्यात वहिनी घाईघाईनं चढाच्या कडेनं खाली उतरल्या आणि खुर्चीत बसल्या. लुगड्याला कडबा चिकटलेला, डोक्यावर पदर. राजांनी त्यांना बघितलं आणि ते थांबले.

मी वाक्य दिलं. ऐकू गेलं नाही. परत दिलं, जोरात. राजे तोंड उघडं ठेवून समोर बघत होते. सहा वर्षांत हा माणूस एकदाही अडला नव्हता. आता सगळी संध्याकाळ पाण्यात जाणार म्हणून मला रडू यायचं बाकी राहिलं.

तेव्हा पुढच्या रांगेतून आवाज आला. मोठा नाही, पण स्वच्छ.

"पण या उंबरठ्याशी मात्र पाऊल अडखळतं, देवी."

वहिनी बोलल्या होत्या. खुर्चीत बसूनच, मांडीवर हात ठेवून. शब्दाला शब्द. ज्या बाईनं तासाभरापूर्वी फोनवर मला 'वासराचं पाय दिसाया लागल्यात' सांगितलं होतं, तिच्या तोंडून ते शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं आलं. राजांनी ते उचललं, पुढचं बोलले, आणि शेवटपर्यंत कुठे अडले नाहीत. मी वही मिटून मांडीवर ठेवली. त्या प्रवेशात माझी गरजच नव्हती, कारण वहिनींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, राजांच्या वाक्यांनाही आणि राणीच्याही.

पडदा पडल्यावर त्या मागे आल्या. माईकवाला तोच नारळ घेऊन त्यांच्या मागे लागला होता, आणि त्या "आवो असू द्या" म्हणत हात मागे घेत होत्या. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला सगळं पाठ कसं?"

"आता, रोज धारंला यांचं त्येच चालू आस्तं. ह्ये मागं वैरन टाकत बोलत्यात. राणीचं बोलायला कोन? मग मीच बोलते."

"मग आधी कधी का नाही आलात बघायला?"

"धारंच्याच टायमाला ठिवता की वो नाटक," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, सहज.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या जेवणाची वेळ बघितली, बिबट्याची बघितली, लाईटची बघितली. सहा वर्षं चढावर बसणाऱ्या गर्दीत मळ्यातल्या बायका का नव्हत्या, हे मी बाई असून मला एकदाही दिसलं नाही, आणि वर राग मी त्यांच्यावरच धरला होता. यंदा नाटकं सकाळी आठला आहेत, धारा काढून दूध डेअरीत गेल्यावर. ते वेळापत्रक मी वहिनींना विचारून केलंय.

राजे अर्धी दाढी काढून बाहेर आले. बायकोसमोर उभे राहिले, आणि नव्या नवऱ्यासारखे लाजले. "कसं काय वाटलं?"

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. धार काढताना त्यांचं कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं असायचं आणि राजे पाठीमागे असायचे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"ऐकलं तर रोजच व्हतं," त्या म्हणाल्या. "बोलताना तुमचं तोंड आज बघितलं."

राजांनी वळून माझ्याकडे बघितलं, अडलेला नट प्रॉम्प्टरकडे बघतो तसं. मी शेजारीच उभी होते, हातात वही होती, आणि त्या वहीत त्यांना द्यायला एकही वाक्य नव्हतं.