एक्स, डब्ल्यू, जी म्हणजे गूळ

माझ्या ब्लॉगला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मी गिऱ्हाइकांसाठी ज्या वेबसाइट बनवते त्यांना खुशाल नावं ठेवा, मी ऐकून घेते. मंगल कार्यालयवाल्याला गुलाबी रंगावर पिवळी अक्षरं हवी असतील तर देते बापडी. रोपवाटिकेवाल्याला पहिल्याच पानावर स्वतःचा गॉगल घातलेला फोटो हवा, तोही लावते. शिक्रापूरला आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत माझं टेबल आहे, खाली हायवेवर दिवसभर ट्रक चालतात, आणि त्या धडधडाटात मी लोकांची हौस पुरवते. पण ब्लॉग माझा आहे. तिथं दुसऱ्या कुणाची चालत नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही.

चौदा वर्षांत मी त्याला पाच वेळा नव्यानं घडवलं. पहिल्या अवतारात काळ्या पानावर चांदण्या पडायच्या आणि वरून 'सुस्वागतम' सरकत जायचं. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी तो दौंडच्या कॉलेजात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवला होता. पुढे चांदण्या गेल्या, मग काळं पान गेलं, मग फोटो हलके केले, मग सगळा सांगाडाच बदलला. माझं सासर न्हावऱ्याचं. तिथं शेतात रेंजची एकच काडी येते. सासऱ्यांचा जुना, काच तडकलेला फोन घेऊन मी कांद्याच्या वाफ्यात उभी राहते आणि त्यावर ब्लॉग उघडून बघते. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला तरच तो पास. भल्याभल्या कंपन्यांच्या साइट त्या वाफ्यात गोल गोल फिरत बसतात, आणि माझा ब्लॉग उघडतो. गर्व म्हणा हवं तर. आहेच मला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. ब्लॉगवरचे पहिले चाळीसएक लेख मी लपवून ठेवले होते.

त्याचं असं झालं. कॉलेजात असताना मी दौंडला एका लग्नपत्रिकेच्या दुकानात टायपिंग करायचे. तिथला मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. म्हणजे कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवायचा. एक्स दाबला की ग, डब्ल्यूला दीर्घ उकार, जीला ळ. वर आमचे मालक हौशी. त्यांनी त्या फॉन्टमध्ये स्वतःची भर घातली होती. कुठल्याशा बटणावर कलश, कुठल्याशावर गणपती, एकावर तर नवरदेवाचा फेटा. माझ्या बोटांना दुसरं टायपिंग येतच नव्हतं, म्हणून ब्लॉगसुद्धा मी त्याच फॉन्टमध्ये लिहिला. असला येडेपणा पत्रिकेच्या दुकानात वाढलेली पोरगीच करू जाणे.

चौथ्या वेळी ब्लॉग नव्यानं घडवताना तो जड फॉन्ट मी उपटून फेकला. मुखवटे गळून पडले आणि ते चाळीस लेख नुसती इंग्रजी अक्षरांची रद्दी होऊन बसले. तेव्हा ठरवलं असतं तर सगळं पुन्हा टाइप करता आलं असतं. नाही केलं. खरं सांगते, मला लाज वाटत होती. त्या लेखांत आमच्या घरातलं बोलणं जसंच्या तसं होतं, हाय आणि न्हाई आणि तवा आणि जवा. फॉन्ट काढायच्या आधीच एका गिऱ्हाइकानं कामाचा नमुना म्हणून ब्लॉग बघितला आणि विचारलं होतं, "मॅडम, हे असं गावठी मुद्दाम आहे का?" मी घरी येऊन पाणीसुद्धा प्यायले नाही, आधी ते लेख लपवले.

त्या लेखांत सगळ्यात जास्त बोलायचे ते आमचे आप्पा, माझे वडील.

आप्पा गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असताना, पाक नेमका कधी झाला आणि काहील कधी चुलाणावरून उतरवायची, हे सांगणारा माणूस. घटकाभर लवकर उतरवली तर गुळाची ढेप बसत नाही, घटकाभर उशीर झाला तर करपतो. आप्पांनी तीस-चाळीस वर्षं हे केलं, आमच्या गुऱ्हाळावर आणि पंचक्रोशीतल्या दुसऱ्यांच्याही. पाण्यात हात बुडवून उकळत्या पाकातून बोटभर पाक उचलायचा, पाण्यात त्याची गोळी करायची आणि काहिलीच्या कडेवर फेकायची. टण्ण वाजली की पाक झाला. मला लहानपणी वाटायचं, आमच्या आप्पांची बोटं लोखंडाची आहेत.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाकी माणूस शाबूत. सगळं कळतं, राग येतो, गोड आवडतं, सांगता मात्र काही येत नाही.

या वर्षी धाकट्या भावानं कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट सोडली आणि आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ पुन्हा चालू केलं. मला केवढा आनंद झाला! पण पहिल्या तिन्ही काहिली फसल्या. गोळी वाजायची, भाऊ काहील उतरवायचा, आणि ढेप काही धरायची नाही. दोन दिवसांनीही बोट लावलं तर रुतायचं. आप्पा तिथंच बाजेवर बसलेले असायचे आणि डाव्या हाताची तीन बोटं दाखवायचे. भावानं चहाचे तीन कप आणले. आप्पांनी ढकलून दिले. मग तीन माणसं काहील उचलायला लावली. तेव्हा आप्पांनी बाजेवर मूठ आपटली.

शेवटी भावाचा मला फोन आला. "ताई, बाहीरनं गुळव्या आनायचा म्हंतोय. दुसरा इलाजच न्हाई. आप्पांम्होरं तसं बोललो तर त्यांनी भितीकडं तोंड केलं. काल सांजच्यापास्नं जेवले बी न्हाईत."

आप्पांच्या डोळ्यांदेखत आप्पांच्या काहिलीवर परका माणूस बसणार, आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून पडणार. मी भावाला म्हटलं, "दोन दिवस कुणाला बोलवू नको. मी येते."

कारण मला आठवलं होतं. आप्पांचं गुळाचं सगळं बोलणं मी कधीतरी लिहून घेतलं होतं, एका लेखात. ते त्या चाळिसांत होतं.

लेख उघडले. समोर रद्दी. एक्स, डब्ल्यू, जी आणि मध्येच कंस, टिंबं, टक्क्याची खूण. फॉन्ट शोधला तर तो कुठंच मिळेना. पत्रिकेचं दुकान बंद होऊन तिथं मोबाइलची कव्हरं विकतात, मालक मुलाकडं परगावी गेलेत. जुना फॉन्ट बदलून देणारे प्रोग्रॅम असतात, ते लावले. मालकांच्या कलशा-फेट्यांनी त्यांची पार भंबेरी उडवली. मी लोकांच्या बुडालेल्या वेबसाइट वर काढते, आणि माझ्याच बापाचे शब्द मला वाचता येईनात! मी स्वतःला अशा शिव्या दिल्या की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

ती गेल्यावर टेबलावर हात टाकून नुसती बसले होते. पडद्यावर तीच तीन अक्षरं परत परत येत होती. एक्स, डब्ल्यू, जी. आणि माझी बोटं टेबलाच्या लाकडावर आपोआप हलली. ग, दीर्घ उकार, ळ. गूळ. अगं बाई! ती इंग्रजी अक्षरं म्हणजे दुसरं काय होतं? मीच दाबलेली बटणं होती ती. फॉन्ट गेला होता, बोटं कुठं गेली होती? पत्रिकांवर हजार वेळा 'आमच्या येथे' टाइप केलेली तीच बोटं. मी एकेक अक्षर हळूहळू वाचायला लागले, पहिलीच्या पोरासारखी. दहा ओळींनंतर वेग आला.

घरी बसून सगळं नीट टाइप करून मग जावं, एवढा धीर मला नव्हता. सकाळची एसटी धरून दौंडला उतरले आणि तिथून माहेरच्या गावी. आप्पा बाजेवर होते, अजून भिंतीकडे तोंड. काहील चढवलेली, रस तापत होता, भावाचं तोंड उतरलेलं. चपला बाहेर काढल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बाजेला टेकून खाली बसले.

"आप्पा, तुमचंच बोलणं वाचते. ऐका," मी म्हटलं.

गुळाचं नाव तर सगळ्याच लेखांत होतं; पहिला उघडला तो जत्रेचा निघाला, दुसरा म्हशीचा. भाऊ पडद्यात डोकावून म्हणाला, "ताई, ही काय भाषा हाय? तू खरंच वाचतीयास का मनानं ठोकतीयास?"

"गप बस," मी म्हटलं. तिसरा लेख गुळाचा होता. जाळासाठी चिपाड कसं वाळवायचं, मळी कधी काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी किती, सगळं आप्पांच्या तोंडचं. वाचताना माझा आवाजच बदलला. आप्पांचे हेल माझ्या तोंडात आले. आणि बाज करकरली. आप्पांनी तोंड आमच्याकडे वळवलं होतं.

मी वाचत गेले. "पाटाखालच्या शेताची माती खारी हाय. त्या उसाची पयली गोळी खोटी असती. वाजती, पर खोटी. गडबड्यानं तितंच काहील उतारली की ढेप बसत न्हाई. जाळ घालणाऱ्याला हात आखडाय सांगावं, दुसरी गोळी बघावी. तिसरी वाजली की मग उतारावी."

आप्पांनी डावा हात वर केला. तीन बोटं.

या हंगामाचा सगळा ऊस पाटाखालचाच होता. भावानं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि तिथंच खाली बसला. "आप्पा, ह्येच सांगत व्हता व्हय? आन् म्या तुमास्नी च्या पाजत बसलो!" आप्पा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूलाच जातं, पण त्या दिवशी ते पूर्ण दिसलं मला.

पाक आला तेव्हा पहिली गोळी टण्णकन वाजली. सवयीनं भाऊ काहिलीकडे वळला. मी ओरडले, "हात लावशील तर बघ!" जाळ कमी केला. दुसरी वाजली. आम्ही सगळे श्वास धरून उभे. आप्पा पुढं झुकलेले, एक कान काहिलीकडे. तिसरी वाजली आणि आप्पांनी मान हलवली. काहील उतरली.

गूळ घोटून साच्यात भरला, आणि आता नुसती वाट बघायची होती. तेवढ्यात आप्पांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं. वाच. अजून दोन ओळी राहिल्या होत्या, मी गडबडीत सोडल्या होत्या. मला त्या लिहिल्याचंही आठवत नव्हतं. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

"ह्ये समदं पोरीला लिवून ठिवाय सांगितलंय. पोरगं गडबड्या हाय, त्ये इसरंल. माज्या मागं काहिलीवर कोन बी बसू द्या, काहील उतारायच्या आदी इचारायचं हिला."

हे वाक्य मी लाजेनं झाकून ठेवलं होतं. एका परक्या माणसानं गावठी म्हटलं म्हणून. मी आप्पांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, भर गुऱ्हाळात, कामगारांसमोर. आप्पा डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थापटत राहिले.

"ताई," भाऊ जरा वेळानं म्हणाला, "बाकी समदं ऱ्हाऊ दे, पर ती गडबड्याची वळ तेवढी काढून टाक की." आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो काहिली धुवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचा पालथा केला. अख्खी ढेप निघाली, कडसुद्धा तुटली नाही. आप्पांनी तिच्यावर बोटाची गाठ वाजवली आणि मग सगळ्यात आधी खुणेनं चहा मागितला. एकच कप.

शिक्रापूरला आल्यावर मी ब्लॉग सहाव्यांदा नव्यानं घडवला. चाळीसच्या चाळीस लेख हातानं टाइप करून नव्या टायपिंगमध्ये आणले, एकही हाय-न्हाई बदललं नाही. गुळाचा लेख पहिल्या पानावर आहे, गडबड्याच्या ओळीसकट. नवीन गिऱ्हाईक आलं की आता मी आधी तोच उघडून दाखवते.

बाहेरचा गुळव्या काही आला नाही. भावाला आता सगळं पाठ आहे, तरी आप्पा त्याला मला फोन लावल्याशिवाय काहील उतरवू देत नाहीत. परवा एका शाळेच्या संचालकांसमोर बसून त्यांना नवी वेबसाइट समजावत होते, तेव्हा फोन वाजला. मी त्यांना म्हटलं, एक मिनिट, घरचं काम आहे.

"ताई, दुसरी वाजली," भाऊ म्हणाला. "आप्पा खुणावत्यात, इचार."

"थांब," मी म्हटलं. "अजून एक."